धरून बसवू नका, आधी जटा उतरवा

पत्र

आमची चिंगी दोन वर्षांची, शिह त्झू जातीची कुत्री. पिल्लू होती तेव्हा मांडीवर बसून ब्रश करून घ्यायची. नऊ-दहा महिन्यांची झाली, केस वाढले आणि सगळं बिनसलं. आता ब्रशचा खण उघडल्याचा आवाज आला तरी पलंगाखाली शिरते. दर रविवारी आम्ही तिला पकडतो. हे धरतात, मी विंचरते, तासभर रडारड चालते. गेल्या रविवारी कानामागे ब्रश लागताच तिने यांच्या हाताला दात लावले. रक्त आलं नाही, पण आम्ही सगळेच हादरलो. वरून केस छान दिसतात, पण कानामागे, बगलेत आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला गाठी हाताला लागतात. एका ग्रूमरने (कुत्र्यांचे केस विंचरणाऱ्या-कापणाऱ्याने) सांगितलं की सगळे केस काढावे लागतील. मला तिचे लांब केस फार आवडतात, ते कापायला मन तयार होत नाही. दोघांनी घट्ट धरून एकदाच सगळा गुंता सोडवून घेतला तर पुढे सोपं जाईल का? मुलगा म्हणतो, ती लाडावली आहे. ती आता अशीच राहणार का?

– चिंगीची आई

उत्तर

चिंगीची आई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पत्रात तीच काळजी सगळ्यात जास्त दिसली. चिंगी अशीच राहणार नाही. दोन वर्षांची कुत्री ब्रशशी पुन्हा जुळवून घेऊ शकते; तिच्याहून पुष्कळ मोठी कुत्रीही घेतात. पण दोघांनी घट्ट धरून एकदाच सगळा गुंता सोडवायचा, हा तुमचा विचार कृपा करून सोडा. येत्या रविवारचा कार्यक्रम रद्द करा, त्यापुढचाही करा.

तिच्या अंगावर काय चाललंय ते आधी पाहू. शिह त्झूला वरच्या लांब केसांखाली मऊ केसांचा आणखी एक थर असतो. त्यातले सुटलेले केस जमिनीवर पडण्याऐवजी वरच्या केसांतच अडकून राहतात. चालताना बगल घासते, पट्टा घासतो, पाय ओले होतात, तोंडाची लाळ लागते, आणि हे अडकलेले केस एकमेकांत घट्ट रुतत जातात. तुम्ही ज्यांना गाठी म्हणताय त्या या जटा. त्या कातडीला चिकटून बसतात. घट्ट वेणी घातली की कपाळाची कातडी कशी ताणली जाते, तसा ताण चिंगीच्या बगलेत दिवसरात्र आहे, आणि पाऊल टाकलं की तो वाढतो. म्हणजे तुम्ही ब्रश हातात घेण्याआधीपासून तिला दुखत असतं. त्यात कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ. जटेतून ब्रश ओढला की एका वेळी पुष्कळ केस मुळापासून खेचले जातात. मुलाला हे नक्की वाचून दाखवा. लाडावलेली कुत्री खाऊसाठी हट्ट करेल, सोफ्यावरून उतरणार नाही. खण उघडल्याच्या आवाजाने पलंगाखाली शिरणारी कुत्री घाबरलेली असते.

नऊ-दहा महिन्यांपासूनच हे का सुरू झालं, त्यालाही कारण आहे. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस यायचा तो काळ. पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे काही महिने हा बदल चालतो आणि तेवढ्या काळात गुंता एकदम वाढतो. आदल्या महिन्यापर्यंत आठवड्यातून एकदा ब्रश पुरत होता, तो अचानक पुरेनासा होतो. घरच्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. मग रविवार ते रविवार गाठी साठत जातात आणि रविवारी त्या एकदम ओढल्या जातात. चिंगीच्या बाजूने पाहिलं तर तिचा अनुभव सरळ आहे: ब्रश आला की दुखतं, आणि पळायला वाट नसते.

आता दात लावल्याबद्दल. रक्त आलं नाही हे तुम्ही लिहिलंत, आणि ते फार महत्त्वाचं आहे. तोंडात हात सापडलेला असताना कुत्र्याने तो फोडला नाही, याचा अर्थ तिने स्वतःला आवरलं. ती तुम्हाला थांबवत होती. त्याआधीही तिने बरंच सांगून पाहिलं असणार: ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, अंग एकदम ताठ करून थिजणं. ‘आता शांत झाली’ असं वाटतं तो क्षण पुष्कळदा हे थिजणंच असतं, आणि त्यानंतर दात येतात. ती कधी गुरगुरली तर तिला रागावू नका. रागावल्याने भीती कमी होत नाही, फक्त गुरगुरणं बंद होतं; मग पुढच्या वेळी ती न गुरगुरता चावते. आणि पुढेमागे कधी दात लागून कातडी फुटलीच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि तुमच्या डॉक्टरांकडे जा, चिंगीची लस झालेली असली तरी.

पहिलं काम: प्राण्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. सगळ्यात जोराचा विरोध कानामागे झालाय, म्हणून कान आतून तपासायला सांगा. कानात संसर्ग असेल तर बाहेरून नुसतं बोट लागलं तरी कळ येते. डोकं सारखं झटकणं, कान पंजाने खाजवणं, कानाला वास येणं यातलं काही दिसत असेल तर तेही त्यांना सांगा. मागच्या पायांच्या आतल्या बाजूला हात लावू देत नसेल तर गुडघेही बघून घ्या. लहान जातींच्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास बराच आढळतो आणि पाय बाजूला उचलला की तो दुखतो. जटांखालची कातडी ओलसर, लाल किंवा चिघळलेली असू शकते. दुखणं असेल तर आधी त्याचा इलाज होऊ द्या. दुखऱ्या कानावर कसलीही शिकवणी चालत नाही.

दुसरं काम तुम्हाला आवडणार नाही, पण मला ते स्पष्ट सांगायला हवं. जटा उतरवाव्या लागतील, आणि मशीनने. त्या ग्रूमरने तुम्हाला खरं तेच सांगितलं. बोटाएवढी एखादी सैल गाठ असेल तर ती सोडवता येते. कातडीला चिकटलेल्या, तीन-चार ठिकाणी पसरलेल्या जटा सोडवायला तासन्‌तास ओढाताण करावी लागते, आणि त्या तासांची किंमत चिंगी मोजते. केस काही महिन्यांत वाढतील. दर रविवारी पक्की होत गेलेली भीती जायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून ती आणखी वाढवून केस वाचवण्यात मला अर्थ दिसत नाही.

घरच्या कात्रीने जटा कापू नका. हे फार कळकळीने सांगते, कारण असे अपघात चांगल्या, काळजी घेणाऱ्या घरांतच होतात. जट बोटांनी वर ओढली की तिच्याबरोबर कातडीही वर येते, आणि केसांच्या गचपणात ती दिसत नाही. एक कच्चकन आवाज आणि टाके. आंघोळ घालून जट मऊ होईल असंही समजू नका. जट ओली झाली की वाळताना आणखी आवळते आणि आतला ओलावा कातडीवर राहतो. मशीनचं पातं जट आणि कातडी यांच्यामधून सरळ जातं, तेही सरावाच्या हातात. पातं चालता चालता तापतं, त्यामुळे मशीन चालवणाऱ्याने ते मधून मधून स्वतःच्या मनगटाला लावून बघायला हवं.

ग्रूमर निवडताना चिंगी घाबरते आणि तिने दात लावलेत, हे आधीच सांगा, लपवू नका. ती घाबरली तर तुम्ही काय करता, मधे थांबता का, अर्धं काम आज आणि अर्धं नंतर असं चालेल का, मी जवळ थांबले तर चालेल का, हे विचारा. ‘आमच्याकडे सगळी कुत्री गप्प बसतात’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा. भीती फार असेल, किंवा जटा फार पसरलेल्या असतील, तर दवाखान्यात गुंगीचं औषध देऊन हे काम करता येतं. तुमच्या डॉक्टरांना तसं विचारण्यात काहीही कमीपणा नाही. चिंगीसारख्या कुत्रीसाठी पुष्कळदा तोच सगळ्यात मायेचा मार्ग असतो. मात्र औषध डॉक्टरांनीच ठरवायचं. चिंगीसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास लवकर होतो, त्यामुळे माणसाची झोपेची गोळी किंवा कुणी सुचवलेली गोळी घरी देणं धोक्याचं आहे.

केस काढल्यावर दोन गोष्टी बघा. जटांखालून निघालेली कातडी एक-दोन दिवस लालसर, कोंडा सुटलेली दिसू शकते. चिघळलेली वाटली तर डॉक्टरांना दाखवा. आणि कानाच्या पाळीवरच्या घट्ट जटा काढल्या असतील तर ती डोकं जोरात झटकते का, इकडे लक्ष ठेवा. झटकून झटकून पाळीत रक्त साठतं आणि पाळी उशीसारखी फुगते. तसं दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

(ज्यांच्याकडे पॉमेरेनियन किंवा स्पिट्झ आहे अशा वाचकांसाठी एक ओळ: तुमच्या कुत्र्याचे केस केवळ सोय म्हणून कातडीपर्यंत उतरवू नका. या जातींत असे काढलेले केस कधी फार उशिरा येतात, कधी पॅच राहतात. त्यांच्याबाबत डॉक्टरांशी बोलून ठरवा.)

जटा गेल्या की ब्रश केला नाही तरी काही बिघडत नाही, असे काही आठवडे तुम्हाला मिळतील. शिकवायला याहून चांगली संधी नाही, कारण आता ब्रश दुखवूच शकत नाही. पुष्कळ लोक केस आखूड झाले की ब्रश विसरून जातात आणि केस वाढल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुम्ही याच दिवसांत सुरुवात करा.

जुना ब्रश कुणाला तरी देऊन टाका. नवा घ्या, दिसायला वेगळा. जागा बदला, रविवार सोडा, तो खणही सोडा. तिला सगळ्यात प्रिय असलेला एक खाऊ ठरवा, उकडलेल्या चिकनचे डाळीएवढे तुकडे किंवा तिच्या पोटाला मानवणारं दुसरं काही, आणि तो खाऊ फक्त ब्रशच्या वेळीच द्या. पहिले काही दिवस फक्त इतकंच: तुम्ही ब्रश पाठीमागून पुढे आणता, ती बघते, लगेच तुकडा. ब्रश परत पाठीमागे, तुकडे बंद. क्रम पक्का ठेवा. आधी ब्रश दिसायला हवा आणि मग खाऊ यायला हवा. उलट केलंत, म्हणजे खाऊ दाखवून जवळ बोलावलंत आणि मग ब्रश काढलात, तर काही दिवसांत ती खाऊलाच घाबरायला लागेल. ब्रश दिसल्यावर ती पलंगाकडे न बघता तुमच्या हाताकडे बघायला लागली, की समजा पहिली पायरी झाली.

पुढच्या पायऱ्या लहान लहान. रिकाम्या हाताने खांद्यावरून एकदा हात फिरवा, तुकडा. ब्रशची पाठ खांद्याला टेकवा, तुकडा. मग दातांची बाजू, एकच फटकारा, केसांच्या दिशेने. मिनिट-दोन मिनिटांत आवरतं घ्या, आणि ती अजून खुशीत असतानाच आवरा. ‘आज छान चाललंय, तर पोटाचंही उरकून घेऊ’ हा मोह प्रत्येकाला होतो, आणि सगळं तिथेच घसरतं. सुरुवात खांदे, पाठ, छाती इथून. पंजे, शेपूट, पोट, कान आणि तोंड हे नाजूक भाग सगळ्यात शेवटी. कानामागचा भाग तर चिंगीच्या यादीत अगदी तळाला ठेवा. एखाद्या पायरीवर ती मागे सरली तर आदल्या पायरीवर या. त्यात काही वाया जात नाही.

यात सगळ्यात मोलाची गोष्ट तिला ‘थांब’ म्हणता येणं ही आहे. चिराग पटेल नावाच्या कुत्र्यांच्या प्रशिक्षकाने यासाठी एक साधा खेळ लोकांना शिकवला. एका छोट्या डब्यात खाऊ ठेवायचा. कुत्रा डब्याकडे शांतपणे बघतोय तोवर हात चालवायचा आणि मधून मधून डब्यातला तुकडा द्यायचा. त्याने नजर काढली की हात लगेच थांबवायचा, पुन्हा बघायला लागला की पुन्हा सुरू. डबा नको असेल तर मांडीवर घडी घातलेला टॉवेल ठेवून त्यावर हनुवटी टेकायला शिकवा: हनुवटी टेकलेली तोवर ब्रश चालेल, उचलली की थांबेल. यात वेळ जातो असं वाटतं. पण ज्या कुत्र्याला ठाऊक असतं की आपण डोकं उचललं की दुखणं थांबतं, त्याला दात वापरायची गरज उरत नाही. सुरुवातीला ती सारखी डोकं उचलेल, तुम्ही खरंच थांबता का ते बघेल. दर वेळी थांबा. एकदाही फसवू नका.

खाऊ लावलेली चाटायची रबरी चटई बाजारात मिळते, तीही कामाची आहे, फक्त तिचं लक्ष दुसरीकडे वळवून गुपचूप ओढायला वापरू नका. चाटणं थांबलं म्हणजे तुमचा हातही थांबला पाहिजे. चटईवर पीनट बटर लावणार असाल तर डब्यावरची माहिती वाचा; झायलिटॉल नावाचा गोडवा घातलेलं पीनट बटर कुत्र्यासाठी विषारी असतं. कांदा-लसूण घातलेलं, चॉकलेट, द्राक्षं, मनुका हेही वर्ज्य.

आता साधनं. घरात तीन वस्तू पुरतात: लांब केसांसाठी पिन ब्रश, बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, आणि एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा. पिन ब्रशच्या टोकांना गोळ्या नसलेला घ्या. त्या गोळ्यांत केस अडकतात आणि तुटतात. स्लिकर आधी स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. तिथे जेवढा दाब तुम्हाला सोसतो, त्याहूनही हलका हात चिंगीला हवा. एकाच जागी स्लिकर घासत राहिलं तर कातडी लाल होऊन सोलवटते, आणि ती आग दुसऱ्या दिवशीही जाणवते.

कोरड्या केसांवर ब्रश नको. कुत्र्यांसाठीचा गुंता सोडवायचा स्प्रे हलकासा फवारा. त्याचा आवाजही आधी लांबून ऐकवून, खाऊ देऊन ओळखीचा करा. फुस्स आवाजाला बरीच कुत्री दचकतात.

चिंगीचे केस वरून छान आणि खाली गाठी, असं का झालं? ब्रश फक्त वरच्या थरावरून फिरत होता. हे टाळायला पायाकडून सुरुवात करून वर चढायचं. डाव्या हाताने केस वर उचलून धरा, खालची एकच ओळ मोकळी सोडा, कातडी दिसेल असा भांग पाडा आणि तेवढीच ओळ विंचरा. ती झाली की वरची पुढची ओळ खाली सोडा. गाठ लागली तर गाठ आणि कातडी यांच्यामधले केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ तुमच्या बोटांवर येते, कातडीवर नाही. मग टोकापासून थोडं थोडं सोडवत मुळाकडे या. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत घाला. कंगवा न अडकता बाहेर आला तरच तो भाग झाला. रोज सगळं अंग करायची गरज नाही. आज डावी बाजू, उद्या छाती, असं रोज तीन-चार मिनिटं केलंत तर रविवारच्या तासाची गरजच संपते.

आंघोळ नेहमी विंचरून झाल्यावर. माणसाचा शॅम्पू नको. कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा कमी असते, त्याला आपला शॅम्पू कोरडा पडतो आणि खाज सुटते. कुत्र्यांचा शॅम्पू आणि नंतर कंडिशनर. टॉवेलने खसाखसा पुसायची सवय असेल तर ती मोडा, कारण त्या घासण्यानेच नवा गुंता होतो. टॉवेल दाबून पाणी टिपा. ड्रायर कमी गरम, लांब, सारखा हलता. आखूड नाकाची कुत्री उष्णतेने फार लवकर हैराण होतात. केस मुळापर्यंत वाळले पाहिजेत, अर्धवट ओले राहिले की दुसऱ्या दिवशी गाठ तयार. घरात असताना हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि अंगातला स्वेटर काढून ठेवा. बगलेतल्या जटांचं मूळ बऱ्याच वेळा तिथेच असतं.

धरण्याबद्दल यजमानांना दोन गोष्टी सांगा. चिंगीला मानेच्या कातडीला किंवा गळ्याला धरून कधीही दाबायचं नाही. शिह त्झूचे डोळे मोठे आणि खोबणी उथळ असते. मान आवळून झटापट झाली तर डोळा बाहेर येण्याची दुर्घटना या जातीत खरोखर होते. आधार द्यायचा तर एक तळहात छातीखाली, दुसरा हात मोकळा. आणि टेबलावर घेणार असाल तर खाली न घसरणारी चटई हवी आणि एक हात सतत तिच्यावर हवा. छोट्या कुत्र्यांचे पुढचे पाय एवढ्या उंचीवरून उडी मारल्यानेही मोडतात. मी तर म्हणेन, सुरुवातीचे दिवस जमिनीवरच बसा.

यजमानांशी तिचं नातं थोडं ताणलं असेल. दर रविवारी धरणारे हात त्यांचे होते. काही आठवडे त्यांनी तिला धरूच नये. ब्रशचा संबंध नसताना तिच्या खाऊचे तुकडे त्यांनी द्यावेत, फिरायला त्यांनी न्यावं, आणि ती स्वतः येऊन टेकली तरच हात लावावा. तीन-चार वेळा पाठीवर हात फिरवून थांबावं. ती आणखी जवळ आली तर पुन्हा फिरवावा, बाजूला झाली तर सोडून द्यावं.

राहिला तुमच्या हौसेचा प्रश्न. लांब केसांची शिह त्झू खरंच देखणी दिसते, आणि ती हौस चुकीची नाही. पण प्रदर्शनातल्या कुत्र्यांचे जमिनीला टेकणारे केस रोजच्या मेहनतीवर टिकतात, आणि त्या कुत्र्यांना लहानपणापासून तासभर टेबलावर निवांत पडून राहायची सवय असते. चिंगीला ती नाही. माझं मत विचाराल तर अंगावरचे केस कायम दोन-अडीच सेंटिमीटरवर ठेवा, आणि कानाच्या टोकाचे व शेपटीचे केस लांब वाढू द्या. कानामागचा, बगलेतला, जांघेतला आणि पंजांच्या गाद्यांमधला भाग मात्र नेहमी आखूड. चेहऱ्याचं शिह त्झूपण तसंच राहतं आणि सोडवायचे केस मोजकेच उरतात. वर्षभरात ती ब्रशखाली डुलक्या काढायला लागली, तर अंगावरचे केस बोटभर वाढवून बघा. कंगवा अडकायला लागला की तिची मर्यादा कळली, मग पुन्हा आखूड करा. डोक्यावर केसांचा बो बांधायचा असेल तर सैल बांधा आणि रोज सोडा; डोळ्यांच्या कडा वर ओढल्यासारख्या दिसल्या तर तो घट्ट झालाय.

हे सगळं किती दिवसांत होईल ते तारीख घालून सांगता येणार नाही. बहुतेक घरांत काही आठवड्यांत ब्रश पाहून पळणं थांबतं, पण कानामागचा भाग करू द्यायला काही महिने लागू शकतात. मधल्या काळात केस वाढत राहतील, म्हणून पुढची ट्रिमिंगची वेळ आताच ठरवून ठेवा, साधारण सहा आठवड्यांनी. शिकवणी कितीही छान चालली असली तरी ती वेळ रद्द करू नका, म्हणजे जटा पुन्हा धरणार नाहीत आणि तुमच्यावर घाई करायचा दबावही येणार नाही. चांगला सराव होत असूनही ती एखाद्या ठरावीक जागी सारखी दचकत राहिली, तर तो भाग डॉक्टरांना पुन्हा दाखवा. आणि महिनाभर रोज प्रयत्न करूनही ब्रश नुसता दिसल्यावर ती थरथरत असेल, तर तुमच्या डॉक्टरांना कुत्र्यांच्या वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडे पाठवायला सांगा. भीती कमी करणारी औषधं आणि हा सराव एकत्र चालवला की अशा कुत्र्यांनाही खूप फरक पडतो.